शेवटच्या महिन्याचा किराया डिपॉझिटमधून वळता करावा का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की आरोग्य केंद्रातून बदली झाली, ३० जूनला रूम खाली करायची, किराया महिन्याला ४,००० आणि डिपॉझिट १०,००० दिलेलं, अकरा महिन्यांचा नोटरीवाला कागद मागच्याच वर्षी संपला, आणि घरमालक काका म्हणतात डिपॉझिट देतो ना, पुढचा किरायदार येऊ द्या. सोबतच्या सिस्टर सांगून राहिल्या की जूनचा किराया देऊच नका, तेवढे तरी वसूल होतील. तं असं करावं का?

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो, घर-गाळ्यांचे करारनामे लिहिणं आणि ते बिघडले की मिटवणं हे दारव्हा-दिग्रस भागात बरीच वर्षं चालू आहे माझं. सरळ सांगतो, न बोलता किराया बंद करू नका. पण काकांशी आत्ताच बोलून, त्यांच्याकडून लिहून घेऊन जूनचा किराया डिपॉझिटमधून वळता करणं, हे तुमच्या केसमध्ये शक्य आहे आणि माझ्या मते तेच करायला पाहिजे. दोन्हीत पैसा तेवढाच जातो, फरक फक्त त्यांच्या होकाराचा आणि त्या होकाराच्या कागदाचा आहे, आणि सगळं भांडण तिथंच होतं किंवा टळतं.

आधी हे पाहा की डिपॉझिट मालकाकडे असतं कशासाठी. किराया थकला तर, लाईट बिल राहिलं तर, मोडतोड झाली तर. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी तुम्ही गेल्यावरच कळतात, किल्ली हातात आल्याशिवाय मालकाला समजत नाही की आत काय अवस्था आहे. म्हणून शेवटचा महिना तुम्ही परस्पर कापून घेतला की नेमक्या ज्या वेळी त्याला हाताशी पैसा लागतो त्याच वेळी तो कमी झालेला असतो, त्याला राग येतो आणि तो राग समजण्यासारखा आहे. बहुतेक करारनाम्यात एक ओळ असतेच, की अनामत रक्कम बिनव्याजी राहील आणि ती भाड्यापोटी वळती करता येणार नाही. तुमचा जुना कागद काढा आणि ही ओळ आहे का ते पहिले वाचा. कागदाची मुदत संपली असली तरी काका दर महिन्याला किराया घेत राहिले, तुम्ही देत राहिलात, म्हणजे त्याच अटींवर चालू आहे असं दोघंही धरून चालले होते, उद्या काही झालं तर तोच कागद समोर येईल. ओळ नसली तरी किराया ठरलेल्या वेळी द्यायचा हे किरायदाराचं कर्तव्य मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम १०८ मध्ये लिहिलेलं आहे. तुमच्या १०,००० वर तुमचा हक्क आहेच, पण तो घर सोडताना हिशोब होऊन मिळायचा हक्क आहे, चालू महिन्याचा किराया न देण्याचा परवाना त्यातून मिळत नाही.

आता काकांची बाजू, कारण ती समजल्याशिवाय तुम्ही त्यांच्याशी नीट बोलू शकणार नाही. आपल्याकडे तालुक्याला किंवा मोठ्या गावात ज्यांनी वरती दोन खोल्या काढून किरायाने दिल्यात ते बहुतेक शेतकरीच आहेत, किंवा रिटायर झालेले आणि शेती असलेले. तुमचे दहा हजार त्यांनी वेगळ्या डब्यात ठेवलेले नसतात. आले तसे खर्च झाले, कुणाच्या दवाखान्यात, कुणाच्या लग्नात. आणि बदल्या निघतात मे-जूनमध्ये! म्हणजे ज्या टायमाला खत-बियाणं घ्यायचं, नांगरट-वखरट झालेली, पेरणीची घाई, कृषी केंद्रावर उधारी चालू, नेमकं त्याच टायमाला किरायदार म्हणतो माझं डिपॉझिट द्या. सोयाबीन निघेल दिवाळीच्या आगेमागे, कापसाचा पैसा त्याच्याही नंतर. तेव्हा 'पुढचा किरायदार येऊ द्या' म्हणणारा प्रत्येक मालक बुडवणाराच असतो असं नाही, बऱ्याचदा त्याच्याजवळ खरंच तेव्हा रोख नसते आणि ते तोंडानं म्हणायची लाज वाटते. पण तुमच्यासाठी फरक काय पडतो? काहीच नाही. तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यात गेलात की दहा हजारासाठी सुट्टी टाकून, एसटीनं येऊन दारात उभं राहणं होत नाही, फोन उचलले जात नाहीत, आणि रक्कम राहून जाते. मी पाहिलेल्या राहिलेल्या डिपॉझिटांचं कारण बहुतेक वेळा हेच होतं, माणूस लांब गेला.

म्हणूनच वळतं करणं दोघांनाही परवडतं. काकांना जूनमध्ये खिशातून चार हजार काढून द्यायचे नाहीत, तुमचे चार हजार अडकत नाहीत, आणि वाद फक्त उरलेल्या रकमेपुरता राहतो. हे त्यांना असंच सांगा, अगदी याच शब्दात सांगितलं तरी चालेल की काका तुम्हाला आत्ता पेरणीत पैसे काढायचे त्रास नको.

आता हिशोब. त्याच्या आधी एक गोष्ट तपासा जी लोक हमखास विसरतात, तुम्ही किराया महिना लागल्यावर देता की महिना भरल्यावर? नोकरीवाले लोक पगार झाल्यावर देतात, आणि ५ जूनला दिलेले चार हजार मेचे होते की जूनचे यावर नंतर दोघांची आठवण वेगळी निघते. फोन पे उघडा, पहिल्या महिन्यापासून मोजा. ५ जूनला दिलेले मेचे असतील तर जूनचा एकच महिना राहतो. आणि मेचाही राहिलाय असं निघालं तर आठ हजार होतात, मग डिपॉझिटमध्ये दोनच हजार उरतात आणि लाईट बिलालाच पुरणार नाहीत, अशा वेळी मे तुम्ही रोख भरा आणि जून तेवढा वळता करा.

एकच महिना आहे असं धरू. दहा हजारातून जूनचे चार हजार गेले, राहिले सहा. आता लाईट बिल. विदर्भात शेवटच्या हिशोबात सगळ्यात जास्त घोळ इथं होतो कारण कुलर. एप्रिल-मे रात्रंदिवस कुलर चालला, जूनमध्ये पाऊस लांबला तर तेव्हाही, आणि महावितरणचं बिल वापर झाल्यावर मागून येतं, म्हणजे तुम्ही वापरलेल्या जूनचं बिल जुलैत काकांच्या हाती पडेल. मीटर त्यांच्या नावावर, भरलं नाही तर लाईन त्यांची कापली जाईल. म्हणून बिलापोटी काही रक्कम त्यांच्याकडे ठेवणं रास्त आहे, त्याला नाही म्हणू नका. किती ठेवायची ते मागचं बिल पाहून ठरवा, समजा २,५०० ठेवले. तर किल्ली देताना तुमच्या हातात ३,५०० यायला पाहिजेत आणि बिल आल्यावर अडीच हजारातले जे उरतील ते नंतर. त्यासाठी किल्ली देण्याच्या दिवशी मीटरचा फोटो काढा, आकडा स्पष्ट दिसेल असा, काका सोबत असताना, आणि तिथंच त्यांना व्हॉट्सॲप करा. बिलावरचा ग्राहक क्रमांक लिहून घ्या, महावितरणच्या साईटवर तो टाकून बिल स्वतः पाहता येतं, म्हणजे जुलैत कोणी कितीही आकडा सांगितला तरी तुमच्याजवळ खरा असेल. सबमीटर असेल तर युनिटचा दर काय लावायचा तेही आत्ताच बोला. एका मीटरवर वर-खाली दोन किरायदार असतील तर अर्धं-अर्धं म्हणजे काय हे जातानाच्या दिवशी ठरवायला गेलं की भांडणच होतं, कारण एकाकडे कुलर असतो आणि दुसऱ्याकडे नुसता पंखा.

मोडतोडीचं. वापरानं जे झिजतं ते किरायदाराच्या माथी मारता येत नाही, घर जसं मिळालं तसं परत द्यायचं पण नेहमीच्या वापराची झीज सोडून, हे त्याच कलम १०८ मध्ये आहे. चुना पिवळा पडला, दाराचा रंग उडाला, नळाची वायसर गेली, फरशी घासली गेली, हे चालतं. नवीन किरायदारासाठी पुताई करायची असेल तर तो मालकाचा खर्च आहे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. पण खिडकीत कुलर ठेवून त्याचं पाणी भिंतीतून झिरपलं आणि पोपडे निघाले, किंवा कुलरच्या स्टँडसाठी ग्रीलचा गज कापला, तर ते मात्र तुमच्याकडे येतं आणि मी किरायदाराचा वकील असलो तरी तेच सांगतो. असं काही असेल तर आत्ताच मिस्त्री बोलावून सारवून घ्या, स्वतः केलं तर पाच-सातशेत होतं, मालकानं कापलं की दोन हजार कापतो. संडास-बाथरूम, ओटा, पाण्याची टाकी साफ करून द्या. गेल्यावर मागं कचरा राहिला की चांगला मालकही हिशोबाला कडक होतो.

आता लिहून कसं घ्यायचं. स्टॅम्प पेपरची गरज नाही. काकांना भेटून बोला, ते हो म्हणाले की त्याच दिवशी संध्याकाळी एक मेसेज टाका, साधारण असा: 'काका नमस्कार, आज आपलं बोलणं झाल्याप्रमाणे मी ३० जूनला रूम खाली करते. माझं डिपॉझिट १०,००० तुमच्याकडे जमा आहे. त्यातून जूनचा किराया ४,००० वळता करायचा, लाईट बिलासाठी २,५०० ठेवायचे आणि ३,५०० किल्ली देताना मला द्यायचे असं ठरलं. बिल आल्यावर उरलेली रक्कम फोन पे करावी. बरोबर असेल तर हो लिहा.' त्यांनी 'हो' किंवा 'ठीक आहे' लिहिलं की झालं. काकांना टाईप करता येत नसेल तर त्यांच्या मुलाच्या नंबरवर टाका आणि काकांची सही एका साध्या कागदावर घ्या, तारीख टाकून. मोबाईलमधले मेसेज पुरावा म्हणून कोर्टात येतात, भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ मध्ये कलम ६३ त्यासाठीच आहे, सोबत एक प्रमाणपत्र जोडावं लागतं एवढंच, म्हणून मेसेज डिलीट करू नका आणि फोन बदलला तर बॅकअप घ्या.

तुम्ही लिहिलंय की दहा हजारातले पाच फोन पे केले आणि पाच रोख दिले, पावती नाही. म्हणून त्या मेसेजमधलं 'माझं डिपॉझिट १०,००० तुमच्याकडे जमा आहे' हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, ते गाळू नका. एकदा त्याला हो आलं की रोख दिलेल्या पाच हजाराचा पुरावाही तयार झाला. जूनच्या किरायाची पावतीही मागा, 'डिपॉझिटमधून वळता' असं लिहून, तुम्ही इन्कम टॅक्ससाठी घरभाडं दाखवत असाल तर एक महिना तिथं कमी पडायला नको.

सूचना कधी दिली होती हेही पाहा. करारात एक महिन्याची नोटीस लिहिलेली असते आणि बदलीचा आदेश तर येतो आठ-दहा दिवस आधी. तुम्ही जूनच्या सुरुवातीला सांगितलं असेल तर काही प्रश्न नाही. पण २० तारखेला सांगितलं असेल तर काका नोटीसचा महिना म्हणून जुलैचेही मागू शकतात, आणि तसं झालं तर डिपॉझिट दोनदा वापरल्यासारखं होतं. त्यावर बदलीचा आदेश दाखवा, आणि नवीन किरायदार शोधून द्या, तुमच्या जागेवर जी सिस्टर येणार आहे तिलाच रूम लागणार ना. हे सगळ्यात चांगलं, कारण तिचं डिपॉझिट आलं की तुमचं लगेच निघतं आणि काकांची 'पुढचा किरायदार' ही अटही पूर्ण होते. पुढच्या गावी करार कराल तेव्हा एक ओळ टाकून घ्या की शासकीय बदली झाल्यास पंधरा दिवसांची सूचना पुरेशी राहील. कोणताही मालक याला सहसा नाही म्हणत नाही.

काका नाही म्हणाले तर? म्हणजे किरायाही द्या आणि डिपॉझिट नंतर. तरीही माझं मत जूनचा किराया भरा असंच आहे, फोन पेनं भरा, खाली 'जून किराया' लिहा, आणि डिपॉझिटची मागणी लेखी करा. चार हजारासाठी तुम्ही थकबाकीदार ठरलात की उरलेल्या सहा हजारावरचा तुमचा जोर जातो, ते म्हणतील आधी किराया द्या मग बोलू, आणि शेजारीपाजारीही त्यांच्याच बाजूनं बोलतील. स्वच्छ हिशोबाचा माणूस जेव्हा मागतो तेव्हा गावात ते ऐकलं जातं. याला अपवाद मी एकच मानतो, मालकानं स्पष्ट सांगितलं की डिपॉझिट देणारच नाही, किंवा घर विकायला काढलंय आणि विकत घेणारा म्हणतो मला त्या डिपॉझिटशी घेणं नाही. तेव्हा आधी लेखी कळवून, कारण लिहून किराया थांबवला तर मी त्या किरायदाराला चूक म्हणणार नाही. त्यातही न कळवता नाही.

आणि एक, वाटणीचं. डिपॉझिट म्हाताऱ्या वडलांच्या हाती दिलेलं, वडील वारले, घर आता दोघा भावांच्या नावावर, किराया धाकटा घेतो आणि डिपॉझिटचं विचारलं की मोठ्याकडे बोट दाखवतो. असं प्रकरण असेल तर दोघांनाही एकाच मेसेजमध्ये घ्या, एकाशी बोलून काही होत नाही.

कायद्याचं थोडं अजून सांगतो कारण लोक महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं नाव घेऊन राहिले सगळीकडे. तो कायदा अनुसूचीत दिलेल्या शहरा-गावांपुरता आहे, प्रत्येक खेड्याला लागू नाही, जिथं नाही तिथं १८८२ चा कायदा आणि तुमचा करार. जिथं लागू आहे तिथं कलम ५५ नुसार करार लेखी आणि रजिस्टर पाहिजे, ती जबाबदारी मालकाची, न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि रजिस्टर कागद नसेल तर अटींबद्दल किरायदाराचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. नोटरी केलेला अकरा महिन्यांचा कागद म्हणजे रजिस्टर कागद नाही. रजिस्टर करणं काही महाग नाही, लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे ठराविक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याच्या कराराला, ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये आहे, स्टॅम्प ड्युटी मुदतीच्या एकूण भाड्यावर पाव टक्का आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून त्यावर पाव टक्का, चार हजाराच्या रूमला ती फार थोडी येते. डिपॉझिट किती घ्यावं याचा केंद्राचा जो नमुना कायदा २०२१ मध्ये आला, राहत्या घराला दोन महिन्यांची मर्यादा सांगणारा, तो राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, तेव्हा त्याच्या जोरावर काकांशी वाद घालू नका. तुमचं डिपॉझिट तसंही अडीच महिन्यांचंच आहे, त्यात गैर काही नाही.

मालकानं सामान अडवलं, कुलूप लावलं, लाईन-पाणी बंद केलं, तर ते त्याला करता येत नाही. जिथं भाडे कायदा लागू आहे तिथं कलम २९ नुसार अत्यावश्यक सोयी तोडायला मनाई आहे, आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय जबरदस्तीनं बाहेर काढलं तर विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. पण तुमच्या काकांकडून असं काही होईल असं तुमच्या लिहिण्यावरून मला वाटत नाही.

गाळ्यांचं यात आणू नका. दुकानाचं डिपॉझिट मोठं असतं, त्यात पगडी मिसळलेली असते आणि ती बहुतेक वेळा परत न मिळणारी, तिथले नियम इथं लावले की फसायला होतं.

समजा सगळं करून ३,५०० मिळाले नाहीत, किंवा बिलातले उरलेले अडकले. मग पोलीस स्टेशनला जाऊन उपयोग नाही, ते दिवाणी आहे म्हणतील आणि बरोबर म्हणतील. गावात तंटामुक्ती समिती चालू असेल तर तिथं अर्ज द्या, घरमालक गावचाच असतो आणि चार लोकांसमोर हिशोब मांडला की पुष्कळदा तिथंच मिटतं. नाही मिटलं तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस असतं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार महिलांना मोफत कायदेशीर मदत मिळते, तुमचा पगार किती हे त्यात पाहत नाहीत. तिथं दाखलपूर्व, म्हणजे दावा टाकायच्या आधीचं प्रकरण म्हणून अर्ज केला की मालकाला नोटीस जाते आणि लोकअदालतीत तडजोड होते, कोर्ट फी लागत नाही, आणि तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही. तारीख लोकअदालतीची असते, त्यामुळे एखाद्या सुट्टीत भागतं, दर महिन्याला यावं लागत नाही. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण तीन वर्षं थांबू नका, बदलीच्या गावी रुजू झाल्यावर जुलैचं बिल आलं की पंधरा दिवस वाट पाहा आणि अर्ज टाका. अर्जासोबत तो मेसेज, मीटरचा फोटो, फोन पेचे स्क्रीनशॉट आणि जुना स्टॅम्प पेपर एवढं लावा. पण आज आधी काकांकडे जा, शक्यतो संध्याकाळी, ते शेतातून आल्यावर, आणि एकट्या जाऊ नका, काकूंसमोर बोला, डिपॉझिट किती दिलं होतं ते काकूंना सहसा चांगलं आठवतं.